उजव्या खिडकीतली पिन

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. सातवीत असताना चुलतभावाने माझी नवी सायकल मळ्यातल्या विहिरीत ढकलली होती. बारा वर्षांनी त्याच्या लग्नात त्याच्या फेट्यात खाजकुयली निघाली. ती कुणी टाकली हे मखमलाबादच्या आमच्या अख्ख्या भावकीला ठाऊक आहे, आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. तेव्हा सात वर्षं एका कॅप्टनचा राग मनात ठेवून जगले, यात माझ्या ओळखीच्या माणसांना काही नवल वाटणार नाही.

विमान मागे ढकलून इंजिनं सुरू करतात तेव्हा खाली जमिनीवर एक माणूस असतो. त्याच्या कानाला हेडसेट, हेडसेटची वायर विमानाच्या नाकाखाली खोचलेली. तोच आमचा खालचा डोळा. ट्रॅक्टरने विमान ढकलायचं तर पुढच्या चाकाचं स्टिअरिंग आमच्या हातून सोडवावं लागतं, त्यासाठी तिथे एक पिन घालतात. तिला लांब लाल फीत असते. इंजिनं सुरू झाली की तो माणूस पिन काढतो, वायर काढतो, चालत बाजूला जातो, आमच्याकडे तोंड करून उभा राहतो आणि पिन उंच धरून दाखवतो. आम्ही अंगठा दाखवायचा. मग तो अंगठा दाखवतो. हे सगळं झाल्याशिवाय विमान बोटभरही हलवायचं नाही.

पिन निघाली की आमच्या समोरच्या पडद्यावरची एक हिरवी ओळ जाते. नवख्याला वाटतं, ओळ गेली म्हणजे झालं. पण ओळ फक्त पिन निघाली एवढंच सांगते. माणूस विमानाच्या नाकाखालून बाहेर आला की नाही, हे पडद्याला कळत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

त्या दिवशी मी उजव्या खुर्चीत होते. सहवैमानिक, वय चोवीस, नोकरीला दीड वर्ष. ओझरहून दिल्लीला निघालो होतो. डाव्या खुर्चीतला कॅप्टन पन्नाशी ओलांडलेला, गोरापान, मनगटावर जाड घड्याळ. मला तो ‘बाळा’ म्हणायचा. डाव्या बाजूला इंधनाची गाडी उभी होती, म्हणून खालच्या माणसाने सांगितलं, पिन उजवीकडून दाखवतो. म्हणजे ती फक्त मला दिसणार होती. कॅप्टनला त्याच्या खुर्चीतून तो माणूस दिसणं शक्यच नव्हतं.

विमान स्वतःच्या बळावर चालायला लागलं की वर दहा हजार फुटांपर्यंत कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असा नियम आहे. नियमाची वेळ यायची होती खरी, पण इंजिन सुरू होत असताना तरी माणसाने तोंड आवरावं. हा गृहस्थ गंगापूर धरणाच्या बाजूला घेतलेल्या जमिनीबद्दल बोलत होता. द्राक्षं लावावीत की नुसत्या खोल्या बांधून पर्यटकांना द्याव्यात. “तुझे वडील शेतकरी ना गं? त्यांना विचार, काळी जमीन चालेल का.” एक इंजिन सुरू झालं, दुसरं सुरू झालं. मी एक डोळा आकड्यांवर आणि एक उजव्या खिडकीवर ठेवून होते.

हिरवी ओळ गेली.

“काढली पिन त्याने,” कॅप्टन म्हणाला.

“अजून दिसली नाही, सर,” मी म्हणाले.

“अगं, ओळ गेली ना बाळा.” आणि त्याने पार्किंग ब्रेक सोडला.

विमान हललं. किती, तर चार-पाच पावलं. मी ओरडले “स्टॉप” आणि दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. विमान जागच्या जागी डुलून थांबलं, मागे केबिनमध्ये कुणीतरी किंचाळलं. त्याच वेळी उजव्या खिडकीत, खाली, तो माणूस दिसला. नाकाखालून उडी मारून बाहेर पडला होता आणि उजव्या खांद्यावर आपटला होता. वायरचं भेंडोळं त्याच्या अंगावर, आणि पिन मुठीत तशीच.

तो उठला. बधिर झालेल्या माणसासारखा उभा राहिला आणि डाव्या हाताने अंगठा दाखवला. नोकरी कंत्राटी होती, दुसरं काय करणार? कॅप्टनने मला विचारलं, “ठीक आहे ना तो?” आणि उत्तराची वाट न बघता दिल्लीला निघाला. थांबायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले नाही. तेवढी चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

संध्याकाळी कळलं, त्या माणसाचा खांदा निखळला होता आणि हाडही मोडलं होतं. चौकशी लागली. कॉकपिटमधलं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, पण त्या विमानात शेवटच्या दोन तासांचंच शिल्लक राहायचं. दिल्लीला पोचेपर्यंत ओझरचे शब्द पुसले गेले होते. मग कॅप्टनने लिहून दिलं की पिन उजव्या बाजूला असल्यामुळे ती बघायची जबाबदारी सहवैमानिकाची होती आणि “पिन दिसली” असं तिने स्पष्ट सांगितलं. खालच्या माणसाने लिहून दिलं, नक्की काय झालं ते आठवत नाही.

सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. तीन महिने जमिनीवर, फेरप्रशिक्षण, फायलीत शेरा. डाव्या खुर्चीसाठीचा माझा नंबर दीड वर्ष मागे गेला. मी घरी आले तेव्हा वडील शेपूच्या जुड्या बांधत होते. ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, “तुला पिन दिसली व्हती का नाय, येवढं सांग.”

“नव्हती. आणि तसं मी बोलले पण होते.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

त्यांचं झालं असेल. माझं काही झालं नाही. ते तीन महिने मी पहाटे उठून झेंडू तोडायला जायचे आणि प्रत्येक फुलाबरोबर त्या कॅप्टनची मान मोडायचे. बाजारात ओळखीचे लोक विचारायचे, काय, विमान बंद का? मी हसायचे आणि मनात त्याचं गोरंपान थोबाड आठवायचे. तो वर्षभरात कंपनी सोडून परदेशात गेला, जास्त पगारावर. मी त्याच्यासाठी देवाकडे काही मागितलं नाही. त्र्यंबकेश्वर घरापासून तासाभरावर, आई म्हणायची जाऊन ये, मन शांत होईल. मला मन शांत करायचंच नव्हतं.

एक मात्र सांगते. त्या रागाने माझं भलं केलं. मी कार्यपद्धतीची पुस्तकं तोंडपाठ केली. चेकलिस्टमधला एक शब्द कधी गाळला नाही, कुणाला गाळू दिला नाही. इंजिन सुरू होताना कुणी शाळेतल्या मुलांच्या फीबद्दल बोलायला लागला तर मी हात वर करून गप्प करायचे, मग तो कितीही मोठा असो. पाठीमागे मला ‘हेडमास्तरीण’ म्हणायचे. मी कॅप्टन झाले. मग इतर कॅप्टनांच्या परीक्षा घेणारी कॅप्टन झाले. आणि गेल्या वर्षी, डिसेंबरात, परीक्षांच्या यादीत त्याचं नाव आलं.

परदेशातलं काम संपून तो आमच्याकडे परतला होता. त्याला प्रवाशांसह प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा द्यायची होती. मी ती मागून घेतली. नियमाप्रमाणे मी सांगायला हवं होतं की या माणसाशी माझं जुनं भांडण आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. मी मूग गिळून बसले. परीक्षकाला मागच्या घडीच्या खुर्चीवर बसून बघता येतं, किंवा उजव्या खुर्चीत बसून सहवैमानिकाचं काम करता करता. मी उजवी खुर्ची घेतली. आणि फेरी निवडली ओझरहून दिल्लीची.

तो आला तेव्हा केस पांढरे झाले होते, घड्याळ तेच होतं. मला बघून तो अदबीने उभा राहिला.

“गुड मॉर्निंग, मॅडम. आपण आधी कधी एकत्र उडालोय का? चेहरा ओळखीचा वाटतोय.”

सात वर्षं! सात वर्षं मी ज्याला रोज उठून चावत होते, त्याला मी आठवतही नव्हते. मी म्हणाले, “असू शकेल,” आणि विमानाभोवती फेरी मारायला खाली उतरले. बाहेर डिसेंबरातली थंडी होती.

नाकाशी हेडसेट घेऊन तोच माणूस उभा होता. पेठ तालुक्याकडचा, बारीक अंगाचा, आता कानशिलं पांढरी झालेला. त्याने मला लगेच ओळखलं.

“मॅडम, लय दिसांनी आलात.”

“खांदा कसाय?” मी विचारलं.

“हाय की. वर जात नाय पुरा. थंडीत दुखतो. आवणीच्या टायमाला घरी जातो, पन भात लावायला जमत नाय.” त्याने हात कानापर्यंत नेऊन दाखवला आणि तिथेच थांबला. मग हळूच म्हणाला, “त्या टायमाला मी लिहून दिलं ना...”

“राहू द्या ते,” मी तोडून टाकलं. खरं तर त्याच्यावरही माझा थोडा राग होता. ‘आठवत नाही’ म्हणे! पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष वरच्या माणसाकडे होतं. मी पायऱ्या चढून वर गेले.

कॅप्टन अगदी शहाण्यासारखा वागत होता. चेकलिस्टचा प्रत्येक शब्द, प्रत्येक उत्तर बोट ठेवून. द्राक्षं नाहीत, जमीन नाही. मी त्याची चूक शोधत होते आणि ती सापडत नव्हती. मागे ढकलून झालं, पार्किंग ब्रेक लागला. एक इंजिन, मग दुसरं. हेडसेटवरून खालचा माणूस म्हणाला, डावीकडे काँक्रीटचं काम चालू आहे, पिन उजवीकडून दाखवतो.

कॅप्टन माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, मला दिसणार नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच निघू.”

हे वाक्य सात वर्षांपूर्वी हवं होतं मला.

हिरवी ओळ गेली. थोड्या वेळाने उजव्या खिडकीत तो माणूस चालत आला, लांब जाऊन उभा राहिला, वळला. डाव्या हातात हेडसेट आणि वायरचं भेंडोळं. उजव्या हाताने त्याने पिन धरली. लाल फीत वाऱ्यावर फडफडत होती. पिन इतकी स्पष्ट दिसत होती की फितीवरची अक्षरं वाचता आली असती.

“पिन दिसली?” कॅप्टनने विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणाले.

हे मी ठरवून केलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण गेल्यावर जे वाटलं ते खोटं कशाला सांगू, फार छान वाटलं. तो ब्रेकवर पाय ठेवून, हात मांडीवर ठेवून बसला. दोन्ही इंजिनं चालू, मागे प्रवासी, घड्याळ पळतंय, आणि हा माणूस माझ्या एका शब्दावाचून जागचा हलू शकत नव्हता. माझे तीन महिने, माझं दीड वर्ष, झेंडूच्या सरीतल्या त्या सगळ्या पहाटा मी त्या खुर्चीत बसून वसूल करत होते.

टॉवरने विचारलं, काही अडचण आहे का. कॅप्टनने सांगितलं, खालच्या इशाऱ्यासाठी थांबलो आहोत. मग परत माझ्याकडे बघितलं.

“अजून नाही.”

“ठीक आहे. थांबू.” ना कुरकूर, ना उसासा. घामाचा थेंबही नाही. मला वाटत होतं, आता तो चिडेल, वाकून बघेल, ओळ गेली ना म्हणेल, ब्रेकला हात घालेल. मग मी “स्टॉप” म्हणेन आणि फायलीत असा शेरा लिहीन की त्याला परत डाव्या खुर्चीत बसता येणार नाही. मी वाट बघत होते. तोही वाट बघत होता.

तिसऱ्यांदा “अजून नाही” म्हणताना मी खिडकीतून नीट बघितलं. तोवर मी पिनकडे बघत होते, पिन धरणाऱ्याकडे नाही. त्याचा हात कानाच्या वर जात नव्हता, तरी त्याने तो तसाच धरून ठेवला होता. कोपर थरथरत होतं. त्याने हेडसेट आणि वायर खाली जमिनीवर ठेवली आणि डाव्या तळहाताने उजवं कोपर खालून उचलून धरलं. इंजिनाच्या आवाजात, दात आवळून, तो वर माझ्याकडे बघत होता. मी का अंगठा दाखवत नाही हे त्याला कळत नव्हतं.

मी अंगठा दाखवला. त्याचा हात खाली पडला. मग त्याने डाव्या हाताने अंगठा दाखवला, अगदी तेव्हासारखाच.

“पिन दिसली,” मी म्हणाले. “उजवी बाजू मोकळी.”

दिल्लीत उतरल्यावर कागद भरायचा होता. उत्तीर्ण लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेऱ्याच्या जागी मी माझ्या हाताने लिहिलं, ‘खालचा इशारा मिळेपर्यंत घाई न करता थांबले.’ त्याने ते वाचलं आणि खूश झाला. “काही कॅप्टन घाई करतात हो तिथे,” मला म्हणाला. मी त्याला म्हणाले, “आपण आधी उडालो होतो. ओझरहूनच.” त्याने डोळे बारीक केले. “ओझरला मी कितीदा आलोय, मॅडम,” असं म्हणून सही केली आणि बॅग ओढत निघून गेला. पिनबद्दल खोटं लिहून देणारा माणूस म्हणून मी त्याला सात वर्षं ओळखत होते. आता पिनबद्दल खोटं बोललेली आणखी एक व्यक्ती होती, मी. त्याला हे कधीच कळणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही.

महिन्याभराने परत ओझरला गेले, या वेळी डाव्या खुर्चीत, माझ्या नेहमीच्या फेरीवर. निघायला वेळ होता. मी खाली उतरले. तो नाकाशी वायर सोडवत बसला होता.

“मॅडम, त्या दिशी पिन दिसत नव्हती का? ऊन डोळ्यावर आलं आसंल.”

त्याने माझ्यासाठी कारणही शोधून ठेवलं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

“मी म्हनलं, मॅडम हो म्हनत नाय तवर हात खाली घ्यायचा नाय,” तो सांगत होता. “मागं मी तुमच्या बाजूनं लिहिलं नाय. साहेबलोक म्हनाले, आठवत नाय येवढंच लिही. पन मला समदं आठवत व्हतं. पिन दावायच्या आधीच इमान हललं. तुमच्या पायी लय वाईट वाटायचं. म्हनलं, आता येवढं तरी करू त्यांच्यासाठी.”

“पिन दिसत होती, दादा,” मी म्हणाले. “पहिल्यापासून दिसत होती.”

त्याने हातातली वायर खाली ठेवली.

“मंग?”

मी कॅप्टनचं सांगायला लागले. त्याला थांबवायचं होतं, त्याला कळायला हवं होतं, असं काहीतरी. माझ्याच कानाला ते चुलतभावाच्या फेट्याच्या गोष्टीसारखं वाटायला लागलं. त्याने मध्येच मान हलवली, समजलं म्हणून की पुरे म्हणून ते कळलं नाही. उजवा खांदा डाव्या हाताने चोळत तो चाकाकडे गेला.

अर्ध्या तासाने विमान मागे ढकललं. एक इंजिन, मग दुसरं. “इशारा डावीकडून,” तो हेडसेटवर म्हणाला, आवाज नेहमीसारखा. पिन निघाली. हिरवी ओळ गेली. तो माझ्या खिडकीत आला, लांब जाऊन उभा राहिला आणि वळला. त्याने पिन डाव्या हातात धरून उंच दाखवली. हात पुरता वर जाण्याच्या आतच मी अंगठा दाखवला.

त्याने पिन खाली घेतली. पण अंगठा दाखवला नाही. दोन्ही हात खाली सोडून, लाल फीत पायाशी लोंबत ठेवून, तो नुसता उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला.

टॉवरने विचारलं, काही अडचण आहे का. उजव्या खुर्चीतल्या सहवैमानिकाने सांगितलं, इशाऱ्यासाठी थांबलो आहोत. मग त्याने मला विचारलं, “मॅडम, दिला का त्याने अंगठा?”

“अजून नाही,” मी म्हणाले, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिले.